चौथ्याचा नंबर

सप्टेंबरमधली सकाळ होती. रात्री चांगला पाऊस होऊन गेला होता. छत्रपती संभाजीनगरलगतच्या सातारा गावच्या खंडोबाच्या देवळापासून डोंगराकडे जी पाऊलवाट जाते, तिच्या तोंडाशी मी उभा होतो. वरून नववी-दहावीची पोरं एकेक करत खाली उतरत होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, शर्ट पाठीला चिकटलेले. पहिला पोरगा माझ्यापाशी आला, गुडघ्यांवर हात टेकवून दम खाल्ला आणि मान वर करून विचारलं, "सर, टाइम किती आला?"

स्टॉपवॉच मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. मी त्याच्या हातात पुठ्ठ्याचं एक तिकीट ठेवलं. त्यावर स्केचपेननं १ लिहिलेला होता. त्याच्या मागच्याला २, त्याच्या मागच्याला ३. पोरं तिकिटांकडे बघत राहिली. आमच्याकडची पळणारी पोरं लहानपणापासून एकच प्रश्न ऐकत आलेली असतात : सोळाशे मीटरला किती टाइम? क्रॉस कंट्रीत हा प्रश्नच नसतो. तिथे विचारतात, कितवा आलास? आणि लगेच दुसरा प्रश्न येतो : तुमचा चौथा कितवा आला?

पंचवीसेक वर्षं मी या शहरात खेळाचा तास घेतो आहे. क्रॉस कंट्री हा शब्द इथे बहुतेकांनी ऐकलेला असतो. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पळालेलेही भेटतात. पण या शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते, पुरुषांची शर्यत जिंकणं अनेक धावपटू ऑलिम्पिक पदकाच्या तोडीचं मानतात, आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका पोराची कहाणी याच शर्यतीतून सुरू झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून हा लेख.

मैदान नसलेली शर्यत

क्रॉस कंट्री म्हणजे मोकळ्या रानातली शर्यत. गवत, माती, चिखल, चढ, उतार, मध्येच ओढा किंवा ओंडका, जे असेल त्यावरून पळायचं. ट्रॅकवर प्रत्येक फेरी ४०० मीटरची, जमीन सपाट, वळणं ठरलेली. इथे संयोजक साधारण दोन किलोमीटरचा एक वेढा आखतात आणि धावपटू त्याच्या फेऱ्या मारतात. जागतिक स्पर्धेत पुरुषांची शर्यत पूर्वी १२ किलोमीटरची असे. २०१७ पासून पुरुष आणि महिला दोघांनाही १० किलोमीटर आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धेतही पुरुषांना १० किलोमीटर, २० वर्षांखालच्या मुलांना ८ आणि १८ वर्षांखालच्यांना ६ किलोमीटर असतात.

दर वर्षी जागा बदलते, जमीन बदलते. त्यामुळे या शर्यतीत जागतिक विक्रम नावाची गोष्टच नाही. बेल्जियममधल्या चिखलातली बत्तीस मिनिटं आणि कोरड्या गवतावरची बत्तीस मिनिटं एकाच तागडीत कशी तोलणार? घड्याळ चालू असतं, निकालाच्या कागदावर वेळ छापतात, पण स्पर्धा असते ती शेजारी पळणाऱ्या माणसाशी आणि पायाखालच्या जमिनीशी.

हा खेळ इंग्लंडमधल्या शाळांत जन्मला. १९व्या शतकात तिथली मुलं ससा आणि शिकारी कुत्रे असा खेळ खेळत. एक-दोघं पुढे पळून वाटेत कागदाचे तुकडे टाकत जायची आणि बाकीची त्या मागावरून कुंपणं, ओढे, नांगरलेली शेतं तुडवत त्यांना गाठायची. त्यातून क्लब निघाले, क्लबांतून देशांच्या शर्यती सुरू झाल्या. १९०३ साली स्कॉटलंडमध्ये हॅमिल्टन पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पहिली आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री अजिंक्यपद स्पर्धा झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स हे चारच संघ होते. इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला. १९०७ मध्ये फ्रान्स आला आणि हळूहळू इतर देश. ती शर्यत सत्तर वर्षं चालली. १९७३ साली बेल्जियममधल्या वारेगेम इथे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं ती आपल्याकडे घेतली आणि तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत फिनलंडचा पेक्का पैवारिंता जिंकला. २०११ पर्यंत ही स्पर्धा दर वर्षी व्हायची, त्यानंतर ती साधारण एक वर्षाआड होऊ लागली.

तिकिटांचा हिशेब

आता त्या सप्टेंबरच्या सकाळकडे परत येतो. या शर्यतीचा गाभा त्या पुठ्ठ्याच्या तिकिटांत आहे.

त्या दिवशी मी दोन संघ केले होते. देवळाईकडून येणारी सहा पोरं आणि सातारा गावातली सहा पोरं. शेवटी दोन दोऱ्या बांधून एक चिंचोळी गल्ली केली होती, म्हणजे पोरं आली त्याच क्रमानं आत शिरतील आणि मला नंबरवारी तिकिटं देता येतील. सगळे आल्यावर आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो आणि कोळशानं फरशीवर आकडे मांडले. नियम सोपा : संघातले सहा पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांचे नंबर मोजतात आणि त्यांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, तो संघ जिंकला. जागतिक स्पर्धेतही आज हाच नियम आहे.

देवळाईची पोरं पहिली आणि दुसरी आली होती. ती खुशीत होती. त्यांचे पुढचे दोघं आठवे आणि दहावे आले. १, २, ८ आणि १०, बेरीज २१. सातारच्या पोरांचे नंबर होते ३, ४, ५ आणि ६. बेरीज १८. सातारा जिंकला, आणि त्यांच्यातला एकही पहिल्या दोघांत नव्हता. देवळाईचा पहिला आलेला पोरगा पुन:पुन्हा बेरीज करून बघत होता.

मग मी त्यांना याच्या आतली गोष्ट दाखवली. सातारच्या संघाचे पाचवा आणि सहावा पळणारे सातवे आणि नववे आले होते. त्यांचे नंबर बेरजेत धरले नव्हते. "मग हे दोघं उगाच पळाले का?" मी विचारलं. पोरं गप्प. मी ओल्या फडक्यानं फरशीवरचे ७ आणि ९ पुसले आणि म्हणालो, समजा हे दोघं आज आलेच नसते. मग देवळाईचा आठवा सातवा झाला असता आणि दहावा आठवा. आता बेरीज करा. १, २, ७, ८. एका पोरानं बोटांवर मोजलं आणि ओरडला, "अठरा! सर, बरोबरी!"

त्या दोघांपैकी एक जाडसर पोरगा होता. खेळाच्या तासाला नेहमी मागे राहायचा. त्यानं सातव्या नंबरचं तिकीट कंपासपेटीत ठेवलं. दोन वर्षांनी तो दहावी झाला, तेव्हाही ते पेटीतच होतं, मी पाहिलं.

या शर्यतीबद्दल मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं ते हेच. संघ पहिल्या आलेल्यावर जिंकत नाही. चौथा किती टिकून राहिला यावर जिंकतो, आणि पाचवा-सहावा दमलेला असूनही वाटेत एका माणसाला मागे टाकतो का, यावर. कबड्डीत, क्रिकेटमध्ये आपण संघभावना म्हणतो. इथे ती आकड्यांत मांडता येते.

जगातल्या मातीतले काही दिवस

पोरांना मी अधूनमधून जुन्या शर्यतींच्या गोष्टी सांगतो.

१९८१ ची माद्रिदची गोष्ट त्यांना फार आवडते. इथिओपियाचे धावपटू सगळ्यांच्या पुढे होते. एक फेरी बाकी असताना त्यांना वाटलं की शर्यत संपतेय, आणि त्यांनी जीव तोडून शेवटची धाव घेतली. नंतर कळलं, अजून एक फेरी आहे. अमेरिकेच्या क्रेग व्हर्जिननं मागून येऊन शर्यत जिंकली; इथिओपियाचा मोहम्मद केदिर दुसरा आला. तरीही सांघिक विजेतेपद इथिओपियालाच मिळालं, कारण त्यांचे बाकीचे पळत राहिले होते. हे सांगून झालं की मी पोरांना म्हणतो, फेऱ्या मोजायला शिका. आणि चूक झालीच तर थांबू नका.

१९८६ पासून केनियाचं राज्य सुरू झालं. त्या वर्षापासून २००३ पर्यंत, सलग १८ वेळा, पुरुषांचं सांघिक विजेतेपद केनियानं सोडलं नाही. त्यांचा जॉन न्गुगी पाच वेळा जिंकला. पॉल टेर्गाट १९९५ ते १९९९ अशी सलग पाच वर्षं जिंकला. टेर्गाट केनियाच्या हवाई दलातला. हे मी आवर्जून सांगतो, कारण माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या पोरांना फौजेतच जायचं असतं.

त्यानंतर इथिओपियाचा केनेनिसा बेकेले आला. २००२ ते २००६ अशी पाच वर्षं त्यानं लहान आणि मोठ्या पल्ल्याच्या दोन्ही शर्यती एकाच स्पर्धेत जिंकल्या. २००८ साली एडिंबरोला शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच कुणाचा तरी पाय त्याच्या बुटावर पडला आणि बूट निघाला. तो थांबला, बूट नीट घातला, मधल्या गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि जिंकला. आमच्याकडे शर्यतीत लेस सुटली की पोरं रडकुंडीला येतात, म्हणून ही गोष्ट.

पण मला स्वत:ला सगळ्यात जवळची वाटते ती युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईची. २०१७ साली ही स्पर्धा त्याच्याच देशात, कंपालात होती. घरच्या लोकांसमोर तो शेवटच्या फेरीत मोठ्या आघाडीवर होता. आणि अचानक त्याच्या पायातलं बळ गेलं. तो लडखडू लागला, लोक त्याला मागे टाकत गेले. तरी तो बाहेर पडला नाही. तिसावा आला. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, डेन्मार्कमधल्या आरहूसला मोएसगार्ड संग्रहालयाच्या गवत लावलेल्या उतरत्या छपरावरून शर्यतीचा मार्ग नेला होता. तो चढ प्रत्येक फेरीत चढायचा होता. चेप्तेगेई तिथे पहिला आला आणि त्याच्या देशाचा संघही विजेता ठरला.

२०२३ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला झाली. तिथल्या मार्गात चिखलाचा खड्डा होता, वाळू होती, द्राक्षांच्या मळ्यातून जाणारी वाट होती. दिवसभर उकाडा आणि मग वादळ. युगांडाचा जेकब किप्लिमो जिंकला आणि पुढच्याच वर्षी बेलग्रेडला त्यानं ते पद राखलं. द्राक्षाचा मळा, चिखल, ऊन, वळवाचा पाऊस. हे वाचताना मला आपला जालना रस्ता आणि पैठणकडची शिवारं डोळ्यांसमोर आली.

उन्हाचा धडा

क्रॉस कंट्री एके काळी ऑलिम्पिकमध्येही होती : १९१२, १९२० आणि १९२४. पॅरिसला जुलै १९२४ मध्ये झालेली ती शेवटची शर्यत. त्या दिवशी भयंकर ऊन होतं. ३८ जण सुटले आणि फक्त १५ जण शेवटपर्यंत पोचले. काही जण वाटेत कोसळले, काही भ्रमिष्टासारखे भलत्याच दिशेला पळाले. फिनलंडचा पावो नुर्मी मात्र शांतपणे पहिला आला. त्यानंतर ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकली, ती आजतागायत परतलेली नाही. २००७ मध्ये केनियातल्या मोंबासाला जागतिक स्पर्धा झाली तेव्हाही दमट उन्हानं अनेकांना लोळवलं. खुद्द बेकेलेला मधूनच शर्यत सोडावी लागली.

मराठवाड्यात राहणाऱ्याला यातून वेगळा धडा सांगावा लागत नाही. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत सूर्य वर यायच्या आत सराव संपवायचा, हा पहिला नियम. पाणी आधी प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. आणि डोकं हलकं वाटलं, घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला, की थांबायचं. सावलीत बसायचं आणि शेजारच्याला सांगायचं. शर्यत सोडायला लाज वाटून घेऊ नये असा हा एकच प्रसंग.

मांडव्यातला पोरगा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. दुष्काळी पट्टा. तिथे १३ सप्टेंबर १९९४ ला अविनाश साबळेचा जन्म झाला. आईवडील शेती करत, वीटभट्टीवर राबत. शाळा घरापासून सहा किलोमीटर. बस नाही, म्हणून अविनाश चालत-पळत शाळेत जायचा. बारावी झाल्यावर तो फौजेत भरती झाला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमलाही त्याची नेमणूक झाली. तोवर खेळाडू म्हणून त्याचं नाव कुठेच नव्हतं.

२०१५ मध्ये तो पहिल्यांदा स्पर्धेत उतरला, ती फौजेतली आंतरविभागीय क्रॉस कंट्री. ट्रॅकवरून त्याची सुरुवात झाली नाही, मोकळ्या रानातून झाली. तिथेच त्याच्यातला धावपटू लोकांना दिसला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून तो ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला.

स्टीपलचेस ही क्रॉस कंट्रीचीच बहीण आहे. रानातली कुंपणं आणि ओढे उचलून मैदानात आणून ठेवले, असं म्हणा. पुरुषांसाठी साधारण तीन फूट उंचीचे जाडजूड अडथळे, ते एकूण २८ वेळा ओलांडायचे, आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. अडथळा हलत नाही. पाय अडखळला तर माणूसच पडतो. रानात पळून ज्याच्या पायांना जमिनीचा अंदाज आलेला असतो, त्याला हे लवकर जमतं.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत ही शर्यत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वत:चाच विक्रम मोडत गेला. २०२० मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यानं १ तास ३० सेकंद अशी वेळ दिली, तो राष्ट्रीय विक्रम ठरला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक जिंकलं. १९९८ पासून त्या स्पर्धेतली स्टीपलचेसची सगळी पदकं केनियाकडेच जात होती. सोनं आणि अविनाश यांच्यात ०.०५ सेकंदाचं अंतर होतं, म्हणजे छातीभरही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं, पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताचं पहिलंच. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

आष्टी आमच्या शहरापासून लांब नाही. तीच माती, तोच दुष्काळ, तीच भरतीची आस. म्हणूनच अविनाशचं नाव घेताना मी पोरांना पदकं मोजून दाखवत नाही. एवढंच सांगतो की फौजेत गेल्यावर त्याचं पळणं संपलं नाही, तिथून ते सुरू झालं.

माझ्या हातून झालेली चूक

आमच्याकडे पहाटे साडेचारला बीड बायपासच्या कडेनं गेलात तर पोरांचे थवेच्या थवे पळताना दिसतील. सगळ्यांची तयारी एकाच अंतराची : १६०० मीटर. फौजेच्या भरतीत हे अंतर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण गुण. पोलीस भरतीतही १६०० मीटरच. पोरं म्हणतात, "सर, ग्राउंड निघालं पाहिजे." ग्राउंड निघालं तर घर उभं राहतं, बहिणीचं लग्न होतं, बापाचं कर्ज फिटतं. त्यांच्या या धडपडीला मी कधीच कमी लेखणार नाही.

पण सात-आठ वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातला एक पोरगा माझ्याकडे यायचा. हलका, लांब पायांचा, सुरेख पळायचा. मीही त्याला रोज डांबरी रस्त्यावर सोळाशे काढायला लावलं. रोज तेच अंतर, तोच कडक रस्ता, हातात घड्याळ. त्याची वेळ पाच चाळीसवरून पाच एकतीसवर आली. तेवढ्यात त्याच्या नडगीचं हाड दुखू लागलं. मी म्हणालो, बर्फ लाव, पट्टी बांध, दोन महिने राहिलेत. तो पळत राहिला. भरतीच्या तीन आठवडे आधी एक्स-रे काढला, तेव्हा हाडाला बारीक चीर होती. त्या वर्षीची भरती गेली. पुढच्या वर्षी वय निघून गेलं.

आज तो वाळूजला एका कारखान्यात आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेववत नाही. त्याची चूक नव्हती, माझी होती. कडक रस्त्यावर पाऊल दर वेळी एकाच जागी, एकाच कोनात आपटतं आणि तोच भार हाडावर पुन:पुन्हा येतो. मऊ, खालीवर होणाऱ्या जमिनीवर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. घोट्याचे, पोटरीचे, मांडीचे स्नायू आळीपाळीनं भार घेतात. चढावर छाती तयार होते, उतारावर मांडी. घड्याळ नसल्यामुळे पोरगा रोज स्वत:ला पिळून काढत नाही. केनियात इटेनच्या आसपास, २४०० मीटर उंचीवर, जगातले उत्तम धावपटू लाल मातीच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल पळतात, ते काही डांबर नाही म्हणून नाही.

त्यानंतर मी आठवड्यातले तीन दिवस मातीवर आणि एकच दिवस घड्याळ लावून, असा क्रम ठरवला. सोळाशेची वेळ त्यानं कमी होत नाही, उलट सुधारते. आणि पोरगं वर्षभर टिकतं.

जमीन आपल्याकडे आहे

यासाठी लागणारी जागा या शहराभोवती भरपूर आहे. सातारा-देवळाईचा डोंगर आहे. विद्यापीठाच्या मागे लेण्यांकडे जाणारा चढ आहे. गोगाबाबा टेकडी आहे, तिथे तर पहाटे निम्मं शहर चढायला येतं. विद्यापीठाच्या आवारातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे ट्रॅकवर सराव करणाऱ्यांनीही आठवड्यातून एकदा टेकडी गाठावी.

फक्त आपली जमीन ओळखायला हवी. मुरमाची वाट पावसानंतर लवकर निथळते, ती वर्षभर चालते. काळी माती निराळी. ओली असताना ती बुटाला अशी चिकटते की शंभर पावलांत बुटाचं ढेकूळ होतं आणि पाय उचलता येत नाही. शेतकरी जसा वाफशाची वाट बघतो, तसंच आम्हीही बघतो. वाफसा आलेल्या काळ्या मातीवर, गवताच्या बांधालगत पळण्यासारखं सुख नाही. पाऊल किंचित रुततं आणि मग जमीनच ते वर ढकलते. पेरलेल्या शेतात मात्र पाय टाकायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं.

शर्यत घ्यायला काय लागतं? एखादी टेकडी किंवा पडीक रान. सायकलच्या चाकानं किंवा मोबाईलवर मोजलेला दोन किलोमीटरचा वेढा. वळणांवर चुन्याच्या खुणा आणि उभी केलेली दोन-चार पोरं. शेवटी दोन दोऱ्यांची गल्ली. पुठ्ठ्याची तिकिटं. पाण्याचा पिंप आणि सावली. १६ वर्षांखालच्यांना एक फेरी पुरे, १८ वर्षांखालच्यांना तीन, मोठ्यांना पाच. सिंथेटिक ट्रॅक बांधायला कोट्यवधी रुपये लागतात. याला सकाळभराची मेहनत लागते. मुलींचीही शर्यत त्याच वेढ्यावर घ्यावी. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं आणि माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं डोंगरवाटांवरच्या पोरींची ताकद देशाला दाखवून दिली आहेच.

माझी एवढीच विनंती आहे. जे शिक्षक, माजी सैनिक, भरतीच्या अकॅडम्या चालवणारे आणि गावचे सरपंच हे वाचत असतील, त्यांनी या दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकून थंडी पडली की, आपापल्या गावात एक क्रॉस कंट्री घ्यावी. गावागावांचे सहा-सहा जणांचे संघ करा. बक्षीस पहिल्या आलेल्याला द्याच. पण बेरजेत जिंकणाऱ्या संघाचा चौथा पळणारा कोण, ते माईकवर नावानिशी सांगा आणि त्याच्या आईवडिलांना पुढे बोलवा.

आमची पुढची शर्यत डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसहाला, खंडोबाच्या देवळापासून सुटेल. तिकिटं कापून तयार आहेत.